हॉलची एक भिंत: स्वतः बनवलेलं भिंतभर कपाट आणि त्यातच कामाचं टेबल

‘बिल्ट-इन’ म्हटलं की वाटतं, कपाट भिंतीच्या मापात तंतोतंत बसवायचं. नवखे तिथेच फसतात. कुठलीच भिंत सरळ नसते, कुठलाच कोपरा नेमका काटकोनात नसतो. त्यामुळे कपाटाचे खोके भिंतीपेक्षा मुद्दाम लहान करायचे, लेव्हलमध्ये उभे करायचे आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. ती पट्टी नीट बसली की सगळं भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसतं. पुढचं सगळं याच हिशेबाने चालतं.

उदाहरणाला ३०० सेंमी रुंद आणि २७० सेंमी उंच भिंत धरली आहे. दोन्ही टोकांना खाली दारांची कपाटं, त्यांच्यावर पुस्तकांचे उघडे कप्पे, मध्ये टेबल. तुमची भिंत वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम मात्र तोच ठेवा.

माप घेणं

रुंदी तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, टेबलाच्या उंचीला आणि वर. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरायचं. उंचीही तीन जागी. मग ओळंबा किंवा लांब लेव्हल दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून त्या किती झुकल्यात ते लिहून ठेवा. कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून पाहा.

जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधणं फार महत्त्वाचं. तीन मीटरमध्ये सेंटीमीटरभर चढउतार सर्रास सापडतो. पाया त्या उंच बिंदूला धरून लेव्हल करायचा आणि बाकीकडे खालून पाचरी द्यायच्या. उलट केलं, म्हणजे सखल भागापासून सुरुवात केली, तर दुसऱ्या टोकाला पाया तासत बसावं लागतं.

भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. कपाट लागल्यावर मागे हवा खेळत नाही आणि ओल दुप्पट जोमाने वाढते. सगळ्यात आधी फुगते ती मागची पातळ पाठ. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) असेल तर कपाटाच्या जागेपुरतं काढून टाका, नाहीतर खोका भिंतीपासून दीड-दोन सेंटीमीटर पुढेच राहतो.

आखणी

बाजूच्या दोन कपाटांची रुंदी प्रत्येकी ८०, मध्ये टेबलाला १३६, दोन्ही टोकांना पट्टीसाठी २-२ सेंमी. बेरीज ३००. पाया ८ सेंमी उंच, त्यावर ६२ सेंमीचा खोका, वर दोन थरांचा ३.६ सेंमीचा टॉप. टेबलाची उंची ७३.६ सेंमी होते. बसून काम करायला साधारण ७२ ते ७५ ठीक पडते आणि टॉपखाली गुडघ्यांना ७० सेंमी मोकळे मिळतात. टेबलाखाली ड्रॉवर हवासा वाटतोच, पण तो १२ सेंमी खातो आणि मांड्या त्याला घासतात. ड्रॉवर बाजूच्या कपाटात करा.

खालचे खोके ५५ सेंमी खोल, टॉप ६०. वरचे कप्पे फक्त २८ सेंमी खोल, उंची १५०. पुस्तकांना २८ पुरतात. त्याहून खोल केलं की पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कोणी वाचत नाही.

वरच्या कप्प्यांच्या बाजू खालच्या खोक्यांच्या बाजूंवर नेमक्या आल्या पाहिजेत. पुस्तकांचं वजन फूटभर फळीमागे सात-आठ किलोच्या आसपास असतं, म्हणजे भरलेला एक मनोरा (एका बाजूच्या वरच्या कप्प्यांचा उभा खोका) सहज ७०-८० किलोचा होतो. हे वजन उभ्या फळ्यांमधून थेट जमिनीत उतरायला हवं. भिंतीतले स्क्रू फक्त मनोरा पुढे कलंडू नये म्हणून असतात, वजन पेलायला नाही. बाजू दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे सरकल्या तर तेच वजन टॉपवर पडतं आणि कालांतराने दारं अडकायला लागतात.

फळीची लांबी हा मनमानीचा विषय नाही. फळीवर पुस्तकं सलग भरलेली असली की तिचा झोळ लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. ६० सेंमीची फळी ९० ची केली तर झोळ दीडपट होत नाही, पाचपट होतो. १८ मिमी प्लायला ७५-८० सेंमी ही शहाणी मर्यादा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर ६०. त्यापुढे जायचंच असेल तर पुढच्या कडेला ४ सेंमी रुंदीची उभी पट्टी डिंक आणि स्क्रूने जोडा. टेबलावरून दोन्ही मनोऱ्यांना जोडणारी १३६ सेंमीची फळी पट्टीशिवाय लावूच नका. तिला मागून भिंतीला आडवी टेकणपट्टीही हवी. तरीही तिच्यावर फोटो, झाडं असलं हलकंच ठेवायचं. टेबलापासून ती किमान ५५ सेंमी वर ठेवा, नाहीतर मॉनिटर मावत नाही.

वर छतापर्यंत ४६ सेंमी उरतात. ती जागा एकतर पॅनेलने पूर्ण बंद करा किंवा तशीच मोकळी ठेवा, हात घालून पुसता येईल अशी. वाईट असते ती पंधरा सेंटीमीटरची फट: हात जात नाही, धूळ मात्र जाते.

कोणाला जमिनीपासून छतापर्यंत एकसंध उभं कपाट करायचा मोह होतो. आडवं जोडून उभं करताना त्याला उंचीपेक्षा जास्त जागा लागते. २४० सेंमी उंच, ४० खोल खोक्याचा कर्ण २४३.३ येतो. छत २४२ वर असेल तर खोका मावतो, पण उभाच होत नाही. पाया वेगळा आणि खोका वेगळा करण्याचं हे एक मोठं कारण.

सामान

१८ मिमी प्लायच्या ८ बाय ४ फुटी (२४४ × १२२ सेंमी) ५ शीट, पाठीसाठी ६ मिमीच्या २ शीट. एमडीएफ रंगाला गुळगुळीत मिळतो, पण जड असतो, पाणी लागलं की फुगतो आणि त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही. नवख्याने खोके प्लायचे करावेत. हवी तर दारं एमडीएफची.

४ × ४० मिमीचे स्क्रू साधारण १५०, ४ × ३० चे ८०, भिंतीसाठी ५ × ६० चे २० आणि तितक्याच ८ मिमीच्या गिट्ट्या (भिंतीच्या भोकात बसवायचे प्लास्टिकचे प्लग). कप बिजागऱ्या (दाराच्या आतल्या बाजूच्या गोल खळग्यात बसणाऱ्या) ८. सुट्या फळ्या टेकवायच्या ५ मिमी पिना २४. लाकडाचा पांढरा डिंक एक किलो. हत्यारांत ड्रिल, मार्गपट्टी लावता येईल अशी सर्क्युलर सॉ, जिगसॉ, रंधा, गुण्या, १२० सेंमीची लेव्हल आणि किमान चार क्लॅम्प. चष्मा, मास्क आणि कानाचे बूच हे सामानातच धरा. प्लायची आणि भिंतीची धूळ फुफ्फुसात जाते, नुसत्या रुमालाने ती अडत नाही.

कापणी

दुकानात शीट कापून मिळत असेल तर लांब काप तिथेच करून घ्या. घरी २४४ सेंमी सरळ कापणं हे पहिल्या कामाला कठीण. कापण्याआधी प्लायची खरी जाडी मोजा. १८ म्हणून आणलेला प्लाय कधी १७.३ भरतो. खोक्याच्या आतल्या आडव्या फळीची लांबी म्हणजे ८० वजा खऱ्या जाडीच्या दुप्पट. इथे १८ धरून ७६.४ लिहिली आहे. प्रत्येक कापात पातं ३ मिमी खातं, तेही हिशेबात धरलं आहे.

पहिल्या दोन शीट: प्रत्येकी २८ सेंमीच्या चार लांब पट्ट्या, उरलेली पावणेनऊ सेंमीची पट्टी ८ ची करून पायाला. चार पट्ट्यांतून १५० आणि ७६.४ असा एकेक तुकडा, दोन पट्ट्यांतून ७६.४ चे तीन-तीन, सातवीतून १३६ ची फळी. आठवी मोकळी राहते, तिच्यातून पायाचे आडवे तुकडे आणि बळकटीच्या पट्ट्या. सगळ्या फळ्या शीटच्या लांबीत निघतात हे चांगलं, कारण प्लाय वरच्या थराच्या रेषांच्या दिशेने जास्त ताठ असतो.

तिसरी शीट: ५५ सेंमीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकीतून ६२ चे दोन आणि ७६.४ चा एक. उरलेल्या ११ सेंमीच्या पट्टीतून खोक्यांच्या माथ्यावरचे १० सेंमी रुंद आडवे दांडे, तीन. चौथा आठव्या पट्टीतून.

चौथी शीट: ६० सेंमीच्या दोन पट्ट्या, पूर्ण लांबीच्या. हे टॉपचे दोन थर.

पाचवी शीट: ६० ची एक पट्टी, तिच्यातून ६० सेंमीचे दोन तुकडे आणि खालच्या कपाटातली एक फळी (७६ × ५३). उरलेल्या ६१.७ सेंमी रुंद भागातून ३९.६ × ६१.४ ची चार दारं आणि दुसरी फळी. इथे एक मेख आहे. या मांडणीत दारांवर लाकडाच्या रेषा आडव्या येतात. रंग किंवा लॅमिनेट लावणार असाल तर काही बिघडत नाही. पॉलिश करून रेषा दाखवायच्या असतील तर सहावी शीट आणा.

जिगसॉ आणि सर्क्युलर सॉ दोन्हींचं पातं खालून वर कापतं, त्यामुळे चिरफाळ्या वरच्या बाजूला उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापा आणि रेषेवर मास्किंग टेप चिकटवा. तुकडा कापला की लगेच त्यावर पेन्सिलीने नाव लिहा. ‘डावी वरची बाजू’ असं. नंतर लक्षात राहतं हा भ्रम आहे.

पिनांची भोकं जोडणीआधीच पाडून घ्या: ५ मिमी बिट, १० मिमी खोल, समोरच्या कडेपासून ३७ मिमी आत, भोकांमध्ये ३२ मिमी अंतर. भोकांचा साचा हार्डबोर्डच्या पट्टीचा करता येतो, पण त्यावर ‘खाली’ असं ठळक लिहा. एका बाजूला साचा उलटा धरला गेला की फळी कायमची तिरकी बसते. मनोऱ्यातली मधली फळी स्क्रूने पक्की करा, बाजू फाकत नाहीत. सुट्या फळ्या मात्र ३ मिमीने आखूड करा, ७६.१.

जोडणी

डिंक लावा, क्लॅम्प आवळा, ३ मिमी बिटने आधी भोक पाडा, स्क्रूचं डोकं बसेल इतका खळगा करा, मग स्क्रू. दोन स्क्रूंमध्ये १५-२० सेंमी, कोपऱ्यापासून किमान ३ सेंमी. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घातला तर थर उकलतात. आणि ते तडकन वाजल्यावरच कळतं.

चौकट जोडली की डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजे खोका काटकोनात. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांवर क्लॅम्प लावून दाबा, सारखे करा आणि त्याच स्थितीत ६ मिमीची पाठ स्क्रूने ठोका. काटकोन धरून ठेवते ती पाठच. तीन मिमीचा फरक ‘चालेल’ म्हणून सोडला तर तो दारांत दिसतो आणि बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवले तरी जात नाही.

बिजागरीच्या कपाला ३५ मिमी भोक लागतं, खोली साधारण १२.५. भोकाचं केंद्र दाराच्या कडेपासून २२ मिमी धरा. १८ मिमीच्या दारात बिटच्या टोकाला जेमतेम जागा उरते. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा आणि आधी भंगार तुकड्यावर एक भोक पाडून बघा.

ड्रॉवर करणार असाल तर एकच आकडा लक्षात ठेवा: बाजूच्या बॉल बेअरिंग चॅनेलला दोन्हीकडे मिळून साधारण २६ मिमी लागतात. ड्रॉवरचा खोका आतल्या मापापेक्षा तितका लहान हवा. एखाद मिमी जास्त लहान झाला तर मागे पुठ्ठ्याची पाचर देता येते. मोठा झाला तर इलाज नाही.

वीज, जी आधी करायची

टेबलाच्या वर किमान चार सॉकेट, खाली पायाजवळ दोन, एक नेटवर्कचा पॉइंट. हे काम कपाट उभं राहण्याआधी, रंगाच्या आधी, वायरमनकडून करून घ्या. पाठीमागे सॉकेट दडपू नका. पाठीला सॉकेटच्या मापाचा चौकोन कापा. भिंतीत भोक पाडण्याआधी वीज चालू असतानाच वायर कुठून गेलीय ते डिटेक्टरने तपासा, मग मेन बंद करून भोक पाडा. सॉकेटच्या सरळ वर आणि सरळ बाजूला वायर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

टॉपला मागच्या बाजूला ६० मिमीची दोन भोकं, वायरींसाठी. राउटर बंद कपाटात कोंडू नका, सिग्नल पडतो आणि तो तापतो. दाराआड सीपीयू ठेवणार असाल तर पाठीला वर आणि खाली हवेसाठी फट ठेवा. नुसती खालची फट पुरत नाही, गरम हवा वरून निघायला हवी.

उभारणी

पाया आधी: खोक्यापेक्षा ६ सेंमी आत, पायाचा अंगठा जाईल असा. लेव्हल दोन्ही दिशांनी बघा आणि दोन्ही पाये एकमेकांशीही लेव्हलमध्ये आहेत ना तेही. मध्ये १३६ सेंमीचं अंतर आहे, म्हणून लांब सरळ फळीवर लेव्हल ठेवून तपासा. खोके चढवा, पायाला आतून स्क्रू करा, मग माथ्याच्या मागच्या दांड्यातून भिंतीला. भिंत मागे दबली असेल तर स्क्रूच्या जागी पाचर घाला. तशीच आवळली तर भिंत खोक्याला वाकवते आणि तुम्ही जमवलेला काटकोन जातो.

विटांच्या भिंतीत ८ मिमी भोक, गिट्टी प्लास्टरच्या पुढे विटेत गेली पाहिजे. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेली गिट्टी हाताने उपसून येते. विटांच्या सांध्यात भोक पडलं तर जागा बदला. पोकळ किंवा जिप्समच्या भिंतीत आतला सांगाडा शोधा, उभ्या पट्ट्या बहुधा ४० किंवा ६० सेंमीवर असतात. तो जिथे नाही तिथे पोकळ भिंतीचे खास अँकर वापरा.

मधल्या भागात भिंतीला १३० सेंमीची टेकणपट्टी लावा, वरची कड खोक्यांच्या माथ्याशी समतल. मग टॉपचा खालचा थर: २४४ चा तुकडा डावीकडून, ६० चा उजवीकडे, आणि सांधा उजव्या खोक्यावर. वरच्या थराला उलट: ६० चा डावीकडे, सांधा डाव्या खोक्यावर. मधल्या मोकळ्या भागात एकही सांधा येत नाही. लांबीत ४ सेंमी जादा आहेत, ते टोकं भिंतीच्या वळणाप्रमाणे कापून बसवण्यासाठी. दोन थरांमध्ये डिंक सगळीकडे पसरवा आणि खालून ३० मिमीचे स्क्रू. ४० चे वापरले तर ते टेबलावर नखासारखे वर येतात. खालच्या थराला स्क्रूपेक्षा किंचित मोठं आरपार भोक हवं, नाहीतर पेच दोन्ही थरांत धरतो आणि मधली फट बंद होतच नाही. रात्रभर वजनाखाली ठेवा.

वरचे मनोरे टॉपवर उभे करून वरच्या फळीजवळ भिंतीला प्रत्येकी दोन स्क्रू. हे राहिले तर वरच्या फळीला लटकणाऱ्या मुलासकट मनोरा खाली येऊ शकतो. इथे आळस नको.

आता फटी. बाजूची पट्टी ३ सेंमी रुंद कापा, ओळंब्यात धरून भिंतीला टेकवा आणि तात्पुरती क्लॅम्प करा. कंपास सगळ्यात मोठ्या फटीइतका उघडा, टोक भिंतीवरून आणि पेन्सिल पट्टीवरून एका दमात खाली ओढा. भिंतीचं वळण पट्टीवर उमटतं. जिगसॉ थोडी तिरकी धरून कापा, म्हणजे मागची कड आत जाते आणि फक्त पुढची पातळ धार भिंतीला भिडते. शेवटचा अर्धा मिमी रंध्याने. त्यानंतर उरलेली केसभर रेघ रंगवता येणाऱ्या ॲक्रेलिक सीलंटने भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

रंग आणि प्रकाश

छत आणि बाकीच्या भिंती कपाट येण्याआधी रंगवून घ्या, शेवटचा हात मात्र नंतर. स्क्रूचे खळगे पुट्टीने भरा, १२० च्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर, २२० चा पेपर, मग दोन पातळ हात. प्लायच्या उघड्या कडांना आधी एज बँड (कडेवर चिकटवायची पातळ पट्टी) लावा. रंगाने त्या कधीच झाकत नाहीत. कपाट भिंतीच्याच रंगात रंगवलं तर लहान हॉल मोकळा वाटतो, गडद केलं तर भिंत पुढे आल्यासारखी दिसते. लहान खोलीत पहिलाच पर्याय घ्यावा.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडा-दोन आठवडे घेतो. दुसऱ्या दिवशी पुस्तकं लावली तर ती चिकटतात आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघतात.

मधल्या फळीखाली एलईडी पट्टी पुढच्या कडेला लावा, मागे नाही. मागे लावली तर भिंत उजळते आणि कागद अंधारात राहतो. दुधी झाकणाची ॲल्युमिनियम पट्टी वापरा, नाहीतर स्क्रीनवर ठिपक्यांची रांग दिसते. कामाला ४००० केल्व्हिनचा प्रकाश बरा, हॉलला २७०० ते ३०००. दोन्हींना बटणं वेगळी हवीत, म्हणजे संध्याकाळी कामाचा कोपरा बंद करून हॉल पुन्हा हॉल होतो. खिडकी टेबलाच्या बाजूला असावी. पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चमकते, समोर असेल तर डोळे दिपतात. भिंत निवडतानाच हे पाहिलेलं बरं, नंतर जाड पडद्याशिवाय उपाय नाही. मॉनिटर हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. टॉप ६० सेंमी खोल असल्याने मोठा मॉनिटर स्टँडवर पुढे येतो, तेव्हा मागून क्लॅम्प होणारा हात वापरा. त्याच्या क्लॅम्पला टॉपच्या मागे दोन-तीन सेंमी मोकळे लागतात. मध्ये टेकणपट्टी आहे, म्हणून तिच्यात तेवढी खाच ती भिंतीला लावायच्या आधीच कापून ठेवा.